लागल्याशिवाय गुण नाही

आमच्याकडं औषध झोंबलं नाही तर ते औषधच नव्हे. डोळ्यांत थेंब टाकले की पाणी यायला पाहिजे, मलम लावलं की पाय आपटले पाहिजेत, आणि काढा पिऊन तोंड वाकडं झालं नाही तर करणारीनं पाणी जास्त घातलं असणार. उचगावात हायस्कूलच्या पोरांना मी विज्ञान शिकवते, तरी घरात माझी निष्ठा या शास्त्रावरच. त्यात वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माझी पाळी गेली. अर्थात तसं कुणी म्हटलं नाही, मीही नाही. घरात एवढंच जाहीर झालं की पलंगाला मुंग्या लागल्या आहेत.

रात्री पाठ टेकली की पोटऱ्यांवरून, खांद्यांवरून मुंग्या चालायच्या. दिवा लावला की एक दिसेल तर शपथ. गादी उन्हात टाकली, चादरी उकळल्या. शेवटी ह्यांनी मुंग्यांचा खडू आणून पलंगाच्या चारी पायांभोवती गोल काढले आणि भिंतीकडेनं एक जादा रेघ ओढली. मध्यरात्री मी पुन्हा खाजवत उठले, तर हे डोळे न उघडताच म्हणाले, "रेघेच्या आत आधीच असतील त्या."

तसं बघायला गेलं तर निदान बरोबर होतं. इस्ट्रोजेन घटलं की त्वचेतला ओलावा धरून ठेवणारा थर कमजोर होतो, तेलही कमी सुटतं, आणि कोरड्या कातडीतल्या नसा नसलेल्या मुंग्यांची वर्दी देत राहतात. पण हे मला पुढं कळलं. तेव्हा माझा हिशेब सरळ होता: खाज म्हणजे मळ. आमच्या आत्ती अजून शेणी-चिपाडांवर तांब्याचा बंब पेटवतात. त्यातलं कढत पाणी, भरपूर साबण आणि टाचांची वजरी नडगीवर. अंगाची आग आग झाली की वाटायचं, चला, काम झालं. दुपारपर्यंत नडगीवर नखानं नाव लिहिलं तर शेजारणीला वाचता यावं अशी पांढरी पाटी तयार.

हनुवटीचा शोध गाडीच्या आरशात लागला. उचगावच्या पुलाखाली वाहतूक तुंबली होती, ऊन तिरपं पडलं होतं, आणि हनुवटीवर एक जाड काळा केस तारेसारखा चमकत होता. किती दिवस तो वर्गासमोर उभा होता कोण जाणे. पहिल्या बाकावरची पोरं अलीकडं एवढी लक्ष देऊन का ऐकतात, याचा उलगडा झाला.

पुतण्याचा साखरपुडा ठरला आणि जाऊबाईंनी माझा चेहरा ताब्यात घेतला. गालावर वांग, त्यात ही कोरडी खपली. असल्या तोंडानं फोटोत यायचं नाही. हळद आणि खायचा सोडा पाण्यात कालवून त्यांनी माझ्या तोंडाला लेप दिला. आता हळद हा नैसर्गिक दर्शक, आम्लारी लागली की ती लाल होते, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. आरशात बघते तर तोंड लालभडक. जाऊबाई किंचाळल्या, "आयो, रगत आलं!" आणि घाईघाईनं त्यावर आख्खं लिंबू पिळलं. तोंडावर फेस फसफसला आणि रंग परत पिवळा झाला. शाळेच्या प्रयोगशाळेतसुद्धा हा प्रयोग कधी इतका स्वच्छ जमला नव्हता. मी डोळे मिटून घेतले होते आणि आग होत होती, म्हणजे गुण येत होता.

सोडा धुतला, पण लिंबाचं बळ वाया जाऊ नये म्हणून जाऊबाईंनी उरलेली साल पुन्हा तोंडावर आणि गळ्यावर चोळली, आणि आम्ही मे महिन्याच्या भर दुपारी गाडीवरून गांधीनगरच्या पेठेत साड्या घ्यायला गेलो. दुकानात गादीवर बसले न बसले तोच पोटातून एक लाट उठून कानापर्यंत आली आणि घाम फुटला. मालकानं माणुसकीनं पंखा माझ्याकडं वळवला. साड्यांची चळत उडाली. लिंबाच्या सालीतली द्रव्यं कातडीवर असताना ऊन लागलं की कातडी भाजते, आणि ते लगेच दिसत नाही. दिसलं ते साखरपुड्याच्या तोंडावर. रस जिथं जिथं गळ्यावर ओघळला होता, तिथं तिथं आधी लाल आणि मग तपकिरी ओघळ. फोटोत माझ्या तन्मण्याकडं कुणाचं लक्ष जात नाही.

यावर उतारा म्हणून कुणाच्या तरी ओळखीनं एक ट्यूब आली. आठ दिवसांत मी अशी उजळले की गल्लीतल्या बायका भाजी निवडायचं निमित्त काढून बघायला यायच्या. स्टिरॉइडची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केंद्र सरकारनं २०१८ मध्ये केला आहे. ती चिठ्ठी माझ्याकडं कुणी मागितली नाही आणि ट्यूबवरची बारीक अक्षरं चष्म्याशिवाय दिसली नाहीत. चष्मा लावला असता तर सुरकुत्याही दिसल्या असत्या, म्हणून लावत नव्हते. ट्यूब संपली तशी गालाची कातडी सोललेल्या बटाट्यासारखी झाली: पातळ, लाल, आणि वारा लागला तरी चुरचुरणारी.

त्या तोंडानं मी चटणी कुटायला डंकावर गेले.

वर्षाची चटणी घरात नाही म्हणजे कोल्हापुरात अब्रूचा प्रश्न. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची, भाजलेलं खोबरं, तीळ, धणे, लसूण असा सरंजाम घेऊन नंबराला बसले. लोखंडी मुसळं धाडधाड पडत होती, खकाणा छताला लागला होता. मी पदर डोळ्यांपर्यंत ओढला, तरी गाल पेटले. शेजारच्या मावशी बराच वेळ माझ्याकडं बघत होत्या.

"काय झालंय वं तोंडाला?"

"ॲलर्जी!" मी ओरडले.

त्या जवळ सरकल्या, हात तोंडाशी नेला आणि आवाजावर मात करायला बेंबीच्या देठापासून विचारलं, "पाळी गेली काय वं तुमची?"

नेमकी 'पाळी'वर लाईट गेली. मुसळं जागच्या जागी थांबली. पुढचं सगळं डंकाच्या मालकानं, पोतं उचलणाऱ्या दोघांनी आणि बाहेर गाडीवर बसलेल्या आमच्या ह्यांनी स्पष्ट ऐकलं.

मला वाटलं, धरणी दुभंगेल. दुभंगला तो बायकांचा बांध. एकजण रात्रभर उघड्या फरशीवर झोपत होती. एकीच्या उशाला ओला टॉवेल असतो. मिशी आलेल्या दोघी निघाल्या. आणि कोपऱ्यातली, डबा मांडीवर घेऊन बसलेली बाई म्हणाली, "मला बी मुंग्या येत्यात. आमच्यात तर पावडर टाकली व्हती." ह्यांच्या खडूला भाऊबंद मिळाला. लाईट यायला वेळ लागला, पण चटणीची घाई कुणालाच उरली नव्हती.

कोल्हापुरातल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी थायरॉईड आणि साखर तपासायला सांगितली. खाजेचं खापर दरवेळी पाळीवर फोडायचं नसतं म्हणे. सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती धरायची, आणि आपल्याकडच्या बायकांत ती सरासरी ४६-४७च्या सुमारास येते. त्यानंतरच्या पहिल्या ५ वर्षांत त्वचेतलं जवळजवळ ३० टक्के कोलॅजेन जातं. ते वजरीनं परत येत नाही, हे त्यांनी माझ्या नडग्या बघून वेगळं सांगितलं. बंब आत्तींपुरता ठेवायचा, आपण कोमट पाणी घ्यायचं. साबण काखेत-जांघेत लावायचा, अंगभर नाही. अंग दमट असतानाच साधं मॉइश्चरायझर चोपडायचं. बाहेर पडताना सनस्क्रीन, एसपीएफ ३० तरी. हनुवटीचा केस उपटला तरी चालेल. लिंबू सरबतात घालायचं. आणि त्या लाटा तिखटानं वाढत असतील तर तिखट कमी. पाच किलो चटणी नुकतीच बरणीत भरलेली. मी मान डोलावली.

रात्री मॉइश्चरायझरची ट्यूब उघडली. पांढरं, मऊ, वास नाही, रंग नाही. तोंडाला लावलं, हातापायांना लावलं आणि वाट बघत बसले.

"झोंबतंय का?" ह्यांनी विचारलं.

"अजिबात नाही."

हे उठून बसले. "मग उद्या दुसऱ्या डॉक्टरला दाखवूया."