निदान एक, रोग अनेक

धुलाई यंत्राच्या दुरुस्तीशास्त्रात रोग पुष्कळ असले, तरी निदान बहुधा एकच असते, ते म्हणजे ‘बोर्ड गेलंय’. बोर्ड म्हणजे मोटर, झडपा आणि पाणी उपसणारा पंप यांना हुकूम सोडणारी इलेक्ट्रॉनिक पट्टी. ती झाकणाआड दडलेली असल्याने तिच्यावर कोणताही आरोप ठेवता येतो आणि तिच्या बाजूने साक्ष द्यायला कोणी पुढे येत नाही. वास्तविक समोरून दार असलेल्या यंत्रात पाणी तुंबले, की पहिला संशय तळच्या छोट्या झाकणामागील गाळणीवर घ्यावा, कारण खिशात राहिलेले नाणे, साडीची पिन आणि बाळाचा हरवलेला मोजा यांचा मुक्काम पुष्कळदा तिथेच सापडतो. पाणी भरायलाच वेळ लागत असेल, तर नळीच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी किंवा गाळाने बुजलेली असू शकते आणि ती जुन्या टूथब्रशनेही साफ होते. परंतु टूथब्रशचे बिल लावता येत नाही, ही या उपायातील मूलभूत त्रुटी होय. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये वस्तू टाकून देण्याऐवजी दुरुस्त करता यावी म्हणून ‘राइट टू रिपेअर’, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचे, पोर्टल सुरू केले खरे, पण मल्टिमीटर, म्हणजे विद्युतदाब व रोध मोजणारे उपकरण, कारागिराच्या पिशवीतून बाहेर निघण्यापूर्वीच जुन्या यंत्राच्या बदल्यात नव्यावर किती सूट मिळेल याचा हिशेब यजमानांनीच मांडलेला असतो.