सारसाची वकिली

सारसालाही वकील लागतो, हे पहिल्यांदा ऐकणारा हसतो. उंची जवळजवळ सहा फूट, पंख पसरले की सात-आठ फूट, आणि आवाज असा की दोन किलोमीटरवरच्या माणसानेही मान वर करावी. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात याच्याहून उंच कुणी नाही. एवढं व्यक्तिमत्त्व आणि एवढा गळा असलेला माणूस गोंदियात असता, तर केव्हाच आमदार झाला असता. सारसाची अडचण एकच. त्याचा मतदारसंघ दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आहे.

तो घरटं करतो ते धानाच्या बांधीत. रोवणी आटोपलेली असते, बांधीत पाणी उभं असतं, मालक जरा पाठ टेकतो न टेकतो तोच जोडपं हजर होतं. आजूबाजूचं गवत, लव्हाळा आणि त्याबरोबर मजूर लावून रोवलेलं धानही उपटून ते पाण्यात सहा-सात फूट रुंद ढीग रचतं. त्यावर बहुधा दोन अंडी. मग महिनाभर नर-मादी आळीपाळीने अंड्यांवर बसतात. भाडं नाही, करारनामा नाही. वर मालक स्वतःच्याच धुऱ्यावरून जरा जवळ गेला, तर हेच त्याच्यावर डाफरतात.

अशा अशिलाची बाजू अशा मालकापुढे मांडायची, आणि तीही फीशिवाय, हे काम गोंदियात गेली कित्येक वर्षं चालू आहे. ‘सेवा’ नावाची संस्था, तिचे सावन बहेकर आणि गावोगावचे सारसमित्र हे ते वकील. दोन दशकांपूर्वी जिल्ह्यातले सारस बोटांवर मोजता येत होते. महाराष्ट्रात इतरत्र तर हा पक्षी जवळपास संपलाच होता. कायदा हातात होता, पण पहाटे चार वाजता बांधीवर पहारा देणारा कायदा अजून कुणी केलेला नाही. तेव्हा उरला एकच मार्ग, मालकाला पटवण्याचा.

नव्या उत्साही कार्यकर्त्याचं भाषण बहुधा जैवविविधतेपासून सुरू होतं. पुढे अन्नसाखळी, पाणथळ जागा, जागतिक संकट असं करत ते चांगलं रंगात येतं. शेतकरी मधे बोलत नाही. पाहुण्याला तोडणं झाडीपट्टीच्या रीतीत बसत नाही. शेवटी तो एवढंच विचारतो, “ते झालं जी, पण खताची गाडी कधी येते मंग?”

मुरलेला कार्यकर्ता सारसाचं नावच काढत नाही. तो धुऱ्यावर उकिडवा बसतो. बोडीत पाणी किती, तुडतुडा आला का, गादमाशीने यंदा काय केलं, पोरगी गोंदियाला कॉलेजात जाते का, हे सगळं होतं. माणूस पाहून भाषाही बदलते: कुठे झाडीबोली, कुठे पोवारी, कुठे चक्क हिंदी. एका बाजूला मध्य प्रदेश, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड असलेल्या जिल्ह्यात एका भाषेत माणूस पटत नाही. चहा येतो. मग मालकच विषय काढतो, “ते दोघं आलेत बरं का यंदाही.” खटला इथे अर्धा जिंकलेला असतो. साक्षीदार स्वतःहून पिंजऱ्यात आला, की वकिलाने गप्प बसायचं असतं.

पुढचा मुद्दा पर्यावरणाचा नसून संसाराचा. सारसाची जोडी सहसा जन्मभर टिकते. एकाने साद घातली की दुसरा लगेच सूर मिळवतो. रामायणाच्या आरंभी पारध्याच्या बाणाने फुटलेली क्रौंचाची जोडी ती हीच, असं मानणारे अभ्यासकही आहेत. नर-मादी पाळीपाळीने अंडी उबवतात, हे ऐकून घरची बाई मालकाकडे अशी काही बघते, की घरट्याच्या बाजूने एक मत तिथेच पक्कं होतं. शिवाय हा पक्षी किडे आणि गोगलगायीही खातो. नुकसान होतं ते मुख्यतः घरट्यापुरत्या जागेचं. ते होतच नाही, असं मात्र चांगला कार्यकर्ता कधीच म्हणत नाही. रोवलेलं धान उपटलेलं ज्याने स्वतः पाहिलंय, त्याच्यापुढे खोटं बोललं की चहासुद्धा परत मिळत नाही.

शेवटी सगळं एका ‘तुमच्या’वर येऊन थांबतं. ‘आमचा सारस वाचवा’ म्हटलं तर शेतकरी म्हणणार, घेऊन जा तुमचा सारस. ‘तुमच्या बांधीतला सारस’ म्हटलं, की कालपर्यंत वैतागलेला मालकच अंडी चोरायला येणाऱ्यावर काठी घेऊन धावतो.

अरण्यलेखक मारुती चितमपल्ली याच जिल्ह्यातल्या नवेगावबांधला वनाधिकारी होते, तेव्हा पक्ष्यांबद्दल तिथल्या माणसांकडूनच भरपूर शिकले. ज्या तलावाकाठी हे शिक्षण झालं, तो अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं सांगतात. डोंगरांमधल्या जागा मातीच्या पाळीने बांधून एवढं पाणी अडवायचं म्हणजे किती माणसांची समजूत काढावी लागली असेल, आणि तीही माईकशिवाय! हल्ली संवादकौशल्याची शिबिरं वातानुकूलित सभागृहांत भरतात. एखादं जुलैमध्ये, गुडघाभर चिखलात घ्यायला हरकत नाही.

तर शेतकरी पटतो. पटत नाही ती विजेची तार. शेतांवरून गेलेल्या तारांना धडकून सारस मेले आहेत, आणि तारेला चहा पाजून काही साधत नाही. कीटकनाशकांचं आणि नदीतल्या वाळूच्या उपशाचं दुखणंही असंच, एका बैठकीत न मिटणारं. अखेर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये वर्तमानपत्रातली बातमी वाचून स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. म्हणजे इतकी वर्षं बांधीवर चाललेली वकिली खरोखरच कोर्टात पोचली. मग समित्या आल्या, अहवाल आले, तारांचं काय करायचं यावर तारखा पडल्या. सारस मात्र तारीख बघून अंडी घालत नाही.

सारसावरच्या अतिप्रेमाचा शेवट कसा होऊ शकतो, ते 2023 मध्ये उत्तर प्रदेशात दिसलं. अमेठी जिल्ह्यातल्या एकाने जखमी सारसाची शुश्रूषा केली. बरा झालेला सारस त्याच्या मोटारसायकलमागे उडू लागला आणि त्याचे व्हिडिओ देशभर गाजले. मग वन विभागाने पक्षी नेला, आणि तो शेवटी कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात पोचला. गोंदियाचे सारसमित्र म्हणूनच शेतकऱ्याला आणखी एक अवघड गोष्ट पटवत असतात: राखण करा, पण लाड करू नका. पहारा देणाऱ्यालाच लांब राहायला सांगायचं, हा या वकिलीतला सगळ्यात नाजूक युक्तिवाद.

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पहाटे गणना होते, गोंदियात आणि शेजारच्या भंडारा व बालाघाट जिल्ह्यांतही, कारण वाघ आणि वैनगंगा या नद्या ओलांडताना सारस राज्याची हद्द विचारत नाही. संख्या पुन्हा रोडावू लागल्याने गणनेची सकाळ हल्ली आनंदापेक्षा काळजीचीच जास्त असते. तरी रोवणी आटोपली की सारसमित्र पुन्हा धुऱ्यावर जाऊन बसतात.

सारस बघायचा असेल तर हिवाळ्यात या. परसवाडा किंवा झिलमिलीचा तलाव गाठा, तोही पहाटे. दुर्बीण आणा, ड्रोन घरी ठेवा, बांधीत उतरू नका. आणि धुऱ्यावर कुणी भेटलं, तर सारसाआधी धानाची चौकशी करा.