वर काय आहे?

मराठी माणूस उगाच डोंगर चढत नाही. त्याला वर किल्ला लागतो. छाती फुटेस्तोवर चढल्यावर पडका दरवाजा हवा, पाण्याचं टाकं हवं, चुन्याचा घाणा हवा आणि तर्जनी रोखून "तो तोरणा, तो राजगड" असं सांगायला एक बुरूज हवा. त्यामुळे सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'ऑक्टोबरात देवकुंड, नदीकाठची सोपी वाट' असा निरोप पडला, तेव्हा नानांनी पहिला प्रश्न टाकला, "वर काय आहे?"

"धबधबा."

"आणि त्याच्या वर?"

"त्याच्या वर ताम्हिणीचं पठार. तिथून तर आपण गाडीनं खाली उतरणार."

जिथून गाडीनं उतरायचं त्याच डोंगराच्या पायथ्याशी पुन्हा चालत यायचं, यातला पुरुषार्थ नानांना कळेना. तरी ते आले. त्यांच्याशिवाय कुठलीही सहल निघालेली त्यांना आवडत नाही.

पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून, विळ्यावरून आम्ही भिऱ्याला पोचलो. पंचांगात शरद होता, पाठीवर वैशाख. कवींनी शरदाचं कौतुक बहुधा रात्रीच केलं आहे. दिवसा ते घराबाहेर पडले नसावेत. भात पिवळं झालं होतं, काही खाचरांत कापणी सुरू होती. कापणारी माणसं आमच्याकडे बघून हसली. भर कामाच्या दिवसांत एवढी धडधाकट माणसं नुसती चालायला आली आहेत, हे त्यांच्या दृष्टीनं हसण्यासारखंच होतं.

सुरुवातीची वाट धरणाच्या पाण्याकडेनं जाते, मग रानात शिरते आणि ओढे ओलांडत आत आत जाते. चढ जवळजवळ नाहीच. नानांची पंचाईत इथेच झाली. गडावर ते पुढे असतात आणि बाकीचे धापा टाकत मागे. त्यामुळे नेतृत्व आपोआप सिद्ध होतं. इथे पर्स अडकवलेल्या जोशीकाकू बोलता बोलता त्यांना मागे टाकून गेल्या. गावातला वाटाड्या पोरगा तर स्लिपर घालून, कुणाचं तरी मूल कडेवर घेऊन, फोनवर भाताच्या भाऱ्यांचा हिशेब करत चालला होता. नानांच्या वाट्याला आली फक्त वाटेवर आडवी विणलेली कोळ्यांची जाळी, तीही तोंडानं तोडायला.

सांगायला काही नसलं की नाना सुकतात. शेवटी त्या पोरानंच त्यांना पाणी घातलं. मागे हात करून म्हणाला, "काका, ते पावरहाऊस बघितलंत ना येताना? टाटांचं. १९२७चं."

सन ऐकताच नाना थांबले. खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला. व्याख्यानाची ही नेहमीची पूर्वतयारी.

मुळशीला मुळा नदी अडवून तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून इथे सुमारे ५०० मीटर खाली सोडलं आणि त्यावर मुंबईसाठी वीज केली, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायला निघालेलं पाणी कुंडलिकेतून अरबी समुद्राला जातं.

"बदली म्हणतात याला," माझी बायको म्हणाली. ती बँकेत आहे. "ऑर्डर निघाली की पूर्व-पश्चिम बघायचं नसतं."

खाली कोलाडचे राफ्टिंगवाले हेच सोडलेलं पाणी यायची रोज सकाळी वाट बघतात. मुंबईत कुणी एसी लावला की कोलाडला होडी हलते, असा याचा अर्थ मी लावला. नानांनी तो दुर्लक्षिला. ते १९२१ सालात पोचले होते. धरणाखाली जमिनी जाणाऱ्या मावळ्यांनी तेव्हा मुळशी सत्याग्रह केला, आणि पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती त्याच लढ्यातून. नानांचा आवाज चढला, चालही सुधारली. पुढच्या ओढ्यात शेवाळलेल्या दगडांवरून ते सेनापतीसारखेच उतरले आणि सैनिकासारखे बसले.

देवकुंडाला पोचल्यावर सगळे हिरव्यागार पाण्याकडे बघत बसले. नाना तिन्ही बाजूंच्या कड्यांचा अदमास घेत होते. शत्रू कुठून आला असता, हे ठरेना.

"इथे किल्ला का नाही, माहितेय?" अखेर ते म्हणाले. "पाणी! बारमाही पाण्यानं गड टिकतो, पण नुसतं पाणीच असलं तर माणूस भांडेल कशासाठी?"

"अहो नाना," बायको डब्यातली भाकरी मोडत म्हणाली, "मघाशी सेनापती बापट मग कशासाठी भांडत होते? पाण्यापायीच ना? किल्ले नुसते जिंकले-हरले जातात. धरणात गेलेलं गाव परत कोण घेणार?"

नानांनी पिठल्यात भाकरी बुडवली आणि बराच वेळ तीच चावली. मुद्दा त्यांना अजिबात पटला नसावा. पण पुढच्या रविवारी ते सिंहगडावर कल्याण दरवाज्याशी उभं राहून कॉलेजच्या पोरांना हाच मुद्दा ऐकवत होते, आणि पोरं वाहवा करत होती. बायकोनंही टाळ्या वाजवल्या. सर्वांत जोरात.