गरम आसा, म्हणजे जिवंत आसा

मे सरताना दुपार कलली, की मालवणात पूर्वेला सह्याद्रीच्या अंगाने काळं भरून येतं. पहिला गडगडाट झाला रे झाला, की सगळं घर खळ्यात धावतं, वाळत घातलेली सोलां आणि काजूच्या बिया गोळा करायला. आबा एकटे उलटे, घरात. असे आबा प्रत्येक वाडीत एक तरी असतात; हे आमचे देऊळवाड्यातले.

फ्रीज, टीव्ही, मिक्सर, पंप, सगळ्यांचे प्लग ते उपटतात. नुसतं बटण दाबून त्यांचं भागत नाही. किलोमीटरभर हवा फोडत आलेल्या विजेला बटणातली चिमूटभर फट काय अडवणार? हे त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. इस्त्रीचा प्लग तर लावलेलाच नसतो, तरी तिची वायर ते भिंतीपासून लांब वळवून ठेवतात.

राहतो तो मोडेम. क्रोशाचा रुमाल पांघरून, हिरवे डोळे मिचकावत, बारा महिने चोवीस तास चालू.

‘‘अवो, सगळा काढलात, मगे ता एक कित्याक ठेवलात?’’ काकी विचारतात.

‘‘तेका बंद केलो तर मगे तो उठाचो नाय.’’

जोडणी करणारा पोरगा जाता जाता ‘चालूच ठेवा’ म्हणाला होता. एरवी ते बरोबरच. ही यंत्रं सतत चालण्यासाठीच केलेली असतात. पण विजांचं त्याला कोणी विचारलं नव्हतं, आणि आबांनी तो गुरुमंत्र मानला. दिवसातून दोनदा रुमालाखाली हात घालून ते चाचपतात. ‘‘गरम आसा, म्हणजे जिवंत आसा.’’ रुमालामुळेच तो जास्त गरम होतो, हे सांगायची सोय नाही. रुमाल काकींचा.

तांब्याच्या तारेचा फोन होता तेव्हा परतीच्या पावसात तो हमखास मरायचा. आता फायबर. ‘‘काच ती! काचेतसून वीज येता काय?’’ येत नाही. पण अडॅप्टर भिंतीतल्याच प्लगात बसतो, तिथे आबांना एकदम कमी ऐकू येतं.

शिवाय त्यांच्याकडे ‘दामिनी’ आहे. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेचं हे ॲप 20 आणि 40 किलोमीटरच्या टापूतल्या विजा दाखवतं. ते चालतं नेटवर, नेट मोडेमवर. मोबाईलची रेंज मिळते ती विहिरीकडच्या माडाखाली, आणि विजा होत असताना झाडाखाली उभं राहू नका, असं दामिनीच बजावते. म्हणून मोडेम चालू हवाच. वर आबा घरात बसून चमकल्यावर आकडेही मोजतात. 9 ला गडगडलं, तर 3 किलोमीटर. ‘‘कुंभारमाठाक पडली!’’

2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, खांब आडवे झाले, कित्येक दिवस लाईट नव्हती. आली तेव्हा मोडेम निमूट उठून बसला. काकींनी लगेच मुद्दा पकडला: इतके दिवस बंद होता, तरी उठला ना?

आबांनी रुमाल नीट केला.

‘‘तेव्हा तो आपणहून गेललो. मी खंय बंद केललंय?’’