परवडतंय का बे?

दिवाणजीच्या दारात वर्गणी मागायला कुणी जायचं, यासाठी मंडळाची पोरं आधी चिठ्ठ्या टाकतात. सोलापुरात मंडळांना तोटा नाही. शिवजयंती झाली की आंबेडकर जयंती, मग बसवेश्वर जयंती, गणपती, नवरात्र; पावतीपुस्तक मिटायला सवडच मिळत नाही. दिवाणजी पोरांना हाकलत नाही. आत बोलावतो, पाणी देतो (चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या गावात पाणी देणं हा मोठा मान आहे) आणि मग सावकाश विचारतो, "मागच्या वर्षीचा जमाखर्च आणलाय का?" पोरं एकमेकांकडं बघतात. "बांबू तेच. कापड तेच, त्याला ठिगळ मारताना मी बघितलंय. मग मांडव हजारानं महागला कसा?" पाचशे एकची पावती एक्कावन्नवर येते आणि पोरं जिना उतरता उतरता चिठ्ठी काढणाऱ्याला शिव्या घालतात.

अशा माणसाच्या घरी 2022 साली एक जपानी कंपनी वर्गणी मागायला आली.

दिवाणजी हे त्याचं नाव नव्हे, पण खरं नाव आता त्याच्या आधारकार्डालाच माहीत असेल. आठवीत सहलीच्या वर्गणीतले सव्वातीन रुपये परत का मिळाले नाहीत, हे त्यानं गुरुजींना भर वर्गात विचारलं, त्या दिवसापासून तो दिवाणजी. पुढं अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहायला लागला आणि नावाला नोकरी चिकटली. टॉवेल हातात धरला की त्याचं वजन सांगतो, सुताचा भाव सांगतो आणि तुम्ही किती जास्त दिलेत तेही सांगतो. त्यामुळे त्याच्या घरी जाताना आम्ही नवीन काही घालून जात नाही.

मुलगा इंजिनिअरिंगला पुण्याला गेला, तेव्हा मामानं दहावीच्या निकालाला दिलेला प्लेस्टेशन 4 हा व्हिडिओ गेम बापानं घरीच ठेवून घेतला. अभ्यासासाठी. यंत्र टीव्हीखाली पडून राहिलं, त्यावर वहिनींनी विणलेला रुमाल आला, रुमालावर गणपती आला. दिवाणजीला मात्र झोप लागेना. त्याचा बाप मागवाला. माग बंद असला तरी कर्जाचं व्याज बंद होत नाही, हे त्या घरात पाळण्यात शिकवतात.

"तीस हजाराचं यंत्र नुसतं बसलंय बे," तो मला म्हणाला. "चालवायला पायजे."

"मग चालव की."

"चालवतो. पण परवडतंय का ते आधी बघू."

इथून पुढं दीड वर्ष गेलं.

प्रकरण असं होतं. सोनीनं प्लेस्टेशन प्लस नावाच्या आपल्या वर्गणीच्या तीन पायऱ्या केल्या. इसेन्शियल वर्षाला 2,999 रुपये, त्यात इंटरनेटवरून दुसऱ्यांशी खेळता येतं. एक्स्ट्रा 4,999, त्यात नव्या-मध्यम खेळांची मोठी पेटी उघडते. आणि डीलक्स 5,749. त्यात पहिल्या, दुसऱ्या प्लेस्टेशनचे जुने खेळ. दिवाणजीला हवे होते फक्त जुने. त्यानं वजाबाकी केली: 750. म्हणजे जुन्या खेळांची खरी किंमत साडेसातशे. मग मला फक्त साडेसातशेचा माल द्या! पण तसं कुणी देत नव्हतं. खालच्या दोन्ही पायऱ्या चढल्याशिवाय तिसरी मिळत नाही.

"चाटी गल्लीत कुणी असं केलं असतं तर?" तो तापला. "मला पाहिजे अभ्रा, आणि हा म्हणतोय डबल बेडची चादर घ्या, त्यावर अभ्रा साडेसातशेला देतो."

परदेशात याच वरच्या पायरीला प्रीमियम म्हणतात आणि तिथं काही खेळ उतरवून न घेता नुसते इंटरनेटवरून चालवता येतात. आपल्याकडं ती सोय नाही म्हणून नाव डीलक्स आणि भाव कमी, हे मी सांगितलं आणि पस्तावलो. "म्हणजे एक्स्पोर्टचा माल तिकडं, सेकंड इकडं," असं म्हणून त्यानं वहीत त्याचा वेगळा रकाना पाडला.

मग निन्टेंडोचं बघ, म्हटलं. वर्षाला 19.99 डॉलर, 2018 पासून चालू आहे, त्यात खरे आपल्या लहानपणीचे मारिओ-बिरिओ. पण निन्टेंडोनं भारतात अधिकृतपणे दुकान मांडलेलं नाही. यंत्र मुंबईहून कुणाच्या तरी ओळखीनं आणायचं, खातं अमेरिकेच्या नावावर काढायचं. दिवाणजीनं एका वाक्यात निकाल दिला: "दुकानच नाही तिथं भांडायचं कुणाशी?"

वहीचं ते पान मी जवळून बघितलं आहे. लाल पुठ्ठ्याची उभी वही, वर 'श्री', खाली 'जुने खेळ'. 5,749 भागिले 365, रोज 15 रुपये 75 पैसे. चहा-पाव इतकंच की, असं तुम्ही म्हणाल. दिवाणजी म्हणत नाही. रोज खेळायला तो रिकामटेकडा नाही. खेळणार रविवारी. रविवार 52, दर रविवारी 110 रुपये 56 पैसे. पण सगळे रविवार मोकळे कुठे? पाचव्या दिवशी पाणी येतं, म्हणजे साधारण दर पाचवा रविवार टाकी, पिंपं, हंडे, कळशा यांत जातो. वजा दहा. राहिले 42. एका रविवारचा भाव 136 रुपये 88 पैसे. "एवढ्यात किलोभर शेंगा येतात," असा शेरा शेजारी, तांबड्या शाईत. लग्नसराई त्यानं अजून धरलेली नव्हती.

एवढा संशय कशाला, असं वहिनी विचारायच्या. "भावजी, तुम्ही तरी सांगा की ह्यांना. सहा हजारासाठी सहा महिने डोकं खातायत." पण मला त्या संशयाचं मूळ माहीत होतं. ते 1994 च्या दिवाळीत आहे.

तेव्हा घरात व्हिडिओ गेम असणं म्हणजे समुराई असणं, नाहीतर त्याच्यासारखा दिसणारा कुठलाही बिननावाचा डबा. त्यात घालायची ती कॅसेट. चालली नाही की काढून फुंकर मारायची, पुन्हा घालायची. दिवाणजीनं दोन वर्षांचे खाऊचे पैसे साठवून एक पिवळी कॅसेट घेतली. तिच्यावर छापलं होतं, '9999 इन 1'. आम्ही सगळे वेडे झालो. रोज एक खेळला तरी सत्तावीस वर्षं पुरेल, असा हिशेब त्यानं तिथंच केला. घरी आल्यावर मात्र हा पठ्ठ्या खेळायला नव्हे, मोजायला बसला. नऊ क्रमांकाला मारिओ, सतरालाही मारिओ, फक्त सुरुवात दुसऱ्या टप्प्यापासून. एकतीसला तोच, उडी जरा उंच. भाऊबीजेपर्यंत त्यानं पाचशे क्रमांक तपासले आणि वेगळे खेळ निघाले सात. दुकानदाराकडं कॅसेट परत करायला गेला. दुकानदार म्हणाला, "आकडे तरी 9999 आहेत की नाहीत? ते बघ." आकडे होते. त्या वाक्यातून तो माणूस अजून सावरलेला नाही.

तर 'शेकडो खेळ' असं कुणी म्हटलं की दिवाणजी यादी मागतो. डीलक्सची यादी मी फोनवर दाखवली, तर ती त्याला कागदावर हवी. झेरॉक्सच्या दुकानात जाऊन प्रिंट काढली, पाठपोट, कारण पाठपोट स्वस्त पडतं. मग पेन्सिल घेऊन बसला. टेकन 2, 1996 चा, त्याला बरोबरची खूण. एप एस्केप, माहीत नाही, फुली. दोन्ही पानं झाली. पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवलं.

"मुस्तफा कुठाय?"

इथं मला थोडं थांबावं लागेल. ज्या वाचकांनी नव्वदच्या दशकात एक रुपयाचं नाणं घेऊन नवी पेठेतल्या बोळात, पडदा लावलेल्या अंधाऱ्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही, त्यांना हे कसं कळावं? त्या खेळाचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. जपानच्या कॅपकॉमनं तो 1993 साली काढला. चार नायक, त्यांतला एक टोपीवाला मुस्तफा, जो धावत येऊन उडती लाथ घालायचा. इंग्रजी नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून अख्ख्या देशानं खेळाचंच नाव मुस्तफा ठेवून टाकलं. दिवाणजी तिथं रोज यायचा आणि आठवड्यातून एकदा खेळायचा. बाकीचे दिवस मागं उभा राहून कुणाचा रुपया किती मिनिटं टिकतो ते बघायचा. मग त्यानं भागीदारी शोधून काढली. जो चांगला खेळतो त्याला आठ आणे द्यायचे. अट एकच, टप्प्याच्या शेवटी मोठा राक्षस आला की दांडा दिवाणजीच्या हातात. आयुष्यात त्यानं आठ आण्यांत जेवढे राक्षस मारले, तेवढे आम्ही पंचवीस रुपयांत मारले नसतील.

आणि तो मुस्तफा यादीत नव्हता. या यादीत नाही, निन्टेंडोच्याही नाही. व्हिडिओ गेम पार्लरमधला तो खेळ घरच्या कुठल्याच यंत्रावर अधिकृतपणे कधी आला नाही. मी त्याला समजावलं, की खेळ कॅपकॉमचा, मूळ चित्रकथा मार्क शुल्त्झ नावाच्या अमेरिकन चित्रकाराची, आणि कॅडिलॅक हे नाव तिसऱ्याच मोटार कंपनीचं.

दिवाणजीला हे मात्र झटकन कळलं. आपल्याकडं कुणाला कळणार नाही? "सातबाऱ्यावर तीन नावं," तो म्हणाला. "सह्या होत नाहीत. रान पडीक." आणि त्यानं यादीची घडी घातली. घडी घालताना मात्र हळू घातली, हे मी बघितलं.

त्यानंतर निमित्तं सुरू झाली. नोव्हेंबरात सेल लागतो, थांबू. सेल लागला, तर नेमकी कारखान्यात घाई. उन्हाळ्यात पुन्हा लागतो, थांबू. मध्येच त्याला वर्गणी आपोआप पुन्हा कापली जाण्याची भीती बसली. रिझर्व्ह बँकेचा नियम त्यानं मुळापासून वाचला होता. ऑक्टोबर 2021 पासून असे पैसे कापण्याआधी चोवीस तास कळवावं लागतं, आणि पाच हजारांवर रक्कम असली तर दर खेपेला ओटीपी. 5,749 म्हणजे ओटीपी लागणारच, म्हणून तो निश्चिंत होता. तेवढ्यात जून 2022 मध्ये ती मर्यादा पंधरा हजार झाल्याचं त्याच्या लक्षात आलं. दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

सप्टेंबर 2023 मध्ये सोनीनं वर्षाचे दर जगभर वाढवले. अमेरिकेत वरच्या पायरीचे 119.99 डॉलरचे 159.99 झाले, आपल्याकडं डीलक्स साडेसात हजारांच्या घरात गेलं. मी सांत्वनाला गेलो. म्हटलं, गेल्या वर्षी घेतलं असतंस तर. दिवाणजी कडक भाकरीवर शेंगा चटणी घेऊन प्रसन्न बसला होता.

"गेल्या वर्षी घेतलं नाही, किती वाचले? 5,749. यंदा नाही घेतलं तर साडेसात हजार वाचणार." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "बचत वाढली बे!"

मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही. मला उत्तर सुचलं नाही.

शेवटी घेतलं ते मुलानं भरीस घातलं म्हणून. गड्ड्याच्या जत्रेला तो पुण्याहून आला होता. महिन्याचा भाव जुनाच होता, 849. पण कुठला महिना? दिवाणजीनं कालनिर्णय उतरवून जमिनीवर पसरलं. 12 जानेवारीला, शुक्रवारी घेतलं तर 11 फेब्रुवारीपर्यंत रविवार पडतात पाच, शिवाय 26 जानेवारीची सुट्टी. महिना एक, रविवार पाच! हा शोध त्यानं मला रात्री अकरा वाजता फोन करून कळवला. रुमाल निघाला, गणपती फ्रिजवर गेला.

पहिल्या रविवारी गेलो तर टेकन 2 चालू होता. दिवाणजी वहिनींकडून सलग सहावा डाव हरत होता. त्यांना कुठलं बटण काय करतं ठाऊक नव्हतं. त्या एका हातानं पापडाचं पीठ सांभाळत दुसऱ्या हातानं सगळी एकदम दाबत होत्या. हा मात्र लाथ मारायच्या आधी विचार करत होता. शेजारी वही उघडी, वेळ मांडायला.

गल्लीतलं एक दहा-बारा वर्षांचं पोरगं दारात टेकून बघत होतं. त्याला दिवाणजीनं जुन्या काळाबद्दल दोन शब्द सांगितले: अंधारी खोली, एक रुपया, मुस्तफा, आणि तो आता कुठंच कसा मिळत नाही ते, सातबाऱ्यासकट. पोरानं सगळं ऐकून घेतलं. खिशातून फोन काढला, तडा गेलेल्या काचेवर दोनदा बोट फिरवलं आणि पुढं धरला. टोपीवाला धावत आला, उडती लाथ बसली, आवाज तोच.

दिवाणजी बघत राहिला. हातातला कंट्रोलर खाली ठेवायचं राहून गेलं. वहिनींनी सातवा डाव जिंकला.

"हे... हे कितीला?"

"फुकट हाय की काका."

"फुकट म्हणजे किती?"

"फुकट म्हणजे फुकट! मधी मधी जाहिरात येती. तीस सेकंद."

दिवाणजीचा चेहरा उजळला. त्यानं वही ओढली, नवं पान काढलं, वर 'श्री' घातलं, आणि आपला पगार महिन्याच्या सेकंदांनी भागायला सुरुवात केली.