पुण्याच्या वाटेवर पडघा

अहो, या ना जरा भिंतीपाशी. कुकर होतोय, मी इथूनच शिट्ट्या मोजते. ऐकलंत का, समोरच्या वहिनींच्या धाकटीचं? तीच हो, बँकेतली. भिशीला वहिनी काय म्हणाल्या, आठवतंय ना? ‘ती ना, मैत्रिणीच्या लग्नाला पुण्याला गेलीय.’ आणि नेमके त्याच वेळी तिचे बाबा, आपले काका, मोबाइल डोळ्यांजवळ धरून बाहेर आले. ‘अगं, फास्टॅगचा मेसेज आलाय. पडघ्याला पैसे कापले बघ.’

झालं! ठाण्याहून पुण्याला जाताना पडघा लागतो का हो? सगळ्याजणी आपापल्या बशीतला वडा निरखायला लागल्या. वहिनींचा चेहरा असा काही उतरला, की... जाऊ दे. शेवटी कोपऱ्यावरच्या काकूंनाच राहवेना. ‘लग्न नाशिकला हलवलं वाटतं,’ म्हणाल्या. आणि वर चटणी मागितली!

तर काय सांगत होते, लग्न नाही नि बिग्न नाही. पोरगी निघाली होती भंडारदऱ्याला. एकटी. गाडी घेऊन, तंबू घेऊन. तेही ऐन डिसेंबरात, तिकडे निफाडला द्राक्षं वाचवायला बागेत शेकोट्या पेटवतात ना, तसल्या थंडीत! कसारा घाट चढली, घोटीला वळली, बारी गावावरून पुढे. म्हणजे कळसूबाईच्या पायथ्यावरून हो, १६४६ मीटरचं ते आपलं सगळ्यात उंच शिखर. शेंडीला विल्सन धरण बघितलं, ते १९२६चं, आणि मुक्कामाला रतनवाडी. अमृतेश्वराचं देऊळ आहे ना, त्या गावात.

हे सगळं मला कसं कळलं म्हणता? अहो, तीच काल चहाला आली होती. मी काही विचारलं नाही हं. नुसती खारी पुढे केली.

तंबू तिने आधी अगदी पाण्याकाठी लावायला घेतला. व्ह्यू हवा ना यांना! तर गावातल्या एक मावशी सरपण घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या. ‘पोरी, हितं नको. रातची थंडी खाली येऊन हितंच बसती.’ आणि खरंच की हो, गार हवा जड असते, सखल जागी साचते. मग बाईसाहेब चढावर सरकल्या. पण तिथे वारा! तंबू फडफडतोय, हातातली दोरी सुटतेय... मग हिने काय करावं? गाडीच आणून वाऱ्याच्या तोंडाला आडवी लावली. तंबूची निमुळती बाजू वाऱ्याकडे, खुंट्या तिरक्या ठोकलेल्या, दोऱ्या ताणून बांधलेल्या. आमच्याकडे साधी कपड्यांची दोरी बांधायची तर ‘ह्यां’ना दोन रविवार लागतात.

तिचं म्हणणं, थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते. जमीन अंगातली ऊब ओढून घेते. म्हणून वर दहा पांघरुणं घेण्यापेक्षा खाली जाड मॅट हवी. झोपताना कोरडे मोजे घालायचे आणि स्लीपिंग बॅगेत गरम पाण्याची बाटली घ्यायची. तो चहाचा छोटा गॅसचा डबा असतो ना, तो गारठ्यात प्रेशरच धरेना. तिने तो जॅकेटच्या आत धरून उबवला, तेव्हा कुठे पाणी उकळलं! काका म्हणाले, मग शेगडी तंबूतच का नाही पेटवलीस? तर असं बघितलं तिने त्यांच्याकडे... ‘बाबा, कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही की रंग नाही. झोपलेलं माणूस उठतच नाही.’ काका गप्प. पेपर उघडून बसले.

दुसऱ्या दिवशी साम्रदवरून घाटघरला गेली. कड्यावर उभं राहिलं की खाली सगळं कोकण. वारा एवढा, की टोपी गेली ती गेलीच.

पण खरी गंमत पुढेच आहे. मी म्हटलं, आईला न सांगता कशी गं गेलीस? तर पोरगी हसायला लागली. अहो, वहिनींना सगळं माहीत होतं! दशम्या त्यांनीच करून दिल्या होत्या. कुठे राहणार, कोणाच्या अंगणाशेजारी, रेंज नसली तर सकाळी कुठल्या टपरीवरून फोन करणार, सगळं लिहिलेला कागद त्यांच्या देव्हाऱ्यात होता. फोन ठरल्या वेळी आलासुद्धा. ते पुण्याचं लग्न होतं ना, ते फक्त आपल्यासाठी! वाऱ्याची नाही, थंडीची नाही, वहिनींना भीती होती ती आपल्या भिशीची.

आणि त्या कोपऱ्यावरच्या काकू माहितीयेत? काल जिन्यात पोरीला गाठून हळूच विचारत होत्या, ‘तंबू भाड्याने मिळतो का गं?’

आता तुमची सूनही जाणार म्हणतेय ना... खुशाल जाऊ द्या हो. ‘एकटी कशाला’ हे अजिबात विचारू नका. खाली अंथरायला काय नेतेस आणि फोन किती वाजता करशील, एवढंच विचारा. आणि दशम्या बांधून द्या.