आदत, दुसा आणि हायब्रीड

तीन वर्षांपूर्वी नवी गाडी घेऊन पहिल्यांदा गावी गेलो, तेव्हा आबा ओटीवर बसले होते. हळदकुंकू झालं, चाकाखाली लिंबू चिरडलं, पेढे वाटले. मग आबांनी विचारलं, "कसली म्हनायची ही?"

"हायब्रीड."

आबांचा चेहरा उतरला. हातातला पेढा तसाच राहिला. थोड्या वेळानं हळूच म्हणाले, "म्हंजे दर वर्साला नवी घ्यावी लागंल."

त्यांचं चुकत नव्हतं. मुरबाडकडच्या भातशेतकऱ्याला 'हायब्रीड' म्हणजे बियाण्याची पिशवी. कर्जतच्या संशोधन केंद्रानं 'सह्याद्री' नावाचं संकरित भात काढलं, तेव्हा आबांनीही हौसेनं पेरून पाहिलं होतं. पीक दाबून आलं. आबांनी नेहमीच्या सवयीनं त्यातलंच बी राखून पुढच्या साली आवण टाकलं, आणि शेतात गोंधळ उडाला. कुणी उंच, कुणी बुटकं, कुणी लोंबीवर, कुणी अजून पोटरीत. आमच्या शाळेच्या प्रार्थनेची रांगच. संकरित बी घरचं चालत नाही, दर साली विकत आणावं लागतं, हा धडा त्यांनी तेव्हा पैसे मोजून घेतला होता.

मी हसलो होतो. आता तीन वर्षं झाली, आणि गाडी बदलायचं माझ्याच मनात घोळतंय. आबांना हे बरेच दिवस सांगितलं नव्हतं.

गाडीचं नाव मी सांगणार नाही. घरच्या माणसाचं नाव आपल्याकडे उखाण्याशिवाय घेत नाहीत, आणि उखाणा मला जमत नाही. 'ब्रीड'ला यमक शोधायला बसलो तर चीड, भीड आणि कीड एवढेच शब्द हाती लागले. एकही मंगलकार्याला चालणारा नाही.

मी राहतो शहापुरात आणि शिकवतो मुरबाडला. मुरबाडला रेल्वे येणार हे मी नोकरीला लागल्यापासून ऐकतो आहे. ती येईपर्यंत बहुधा निवृत्त होईन. तेव्हा रोज सापगावच्या पुलावरून भातसा ओलांडायची आणि गावागणिक गतिरोधक मोजत मुरबाड गाठायचं. या रस्त्याला माझी गाडी अगदी अनुरूप. गतिरोधक आला की इतरांच्या तोंडून शिवी निघते, माझ्या गाडीत वीज भरते. ब्रेक दाबला की चाकांचा वेग फुकट न घालवता ती त्याची वीज करते आणि बॅटरीत ठेवते. बॅटरी तरी केवढी? जेमतेम पाऊण युनिटाची. आमच्या न्हाणीघरातला गीझर एवढी वीज वीस-पंचवीस मिनिटांत संपवतो.

"सर, चार्जिंग कुठं करता?" हा प्रश्न मला पहिलं वर्षभर रोज ऐकावा लागला. लावावं लागत नाही म्हटलं की समोरच्याला मी काहीतरी लपवतोय असं वाटे. "बरंय," एक पालक म्हणाले, "नायतर आमच्या गावात लाइट येईस्तोवर गाडी तिथंच." शेवटी मी कसाऱ्याचं उदाहरण द्यायला लागलो. कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर लागतात, ते आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत. थळ घाटाचा चढ सदतिसास एक. तो चढायला पुढचं इंजिन एकटं पुरत नाही, मग मागून आणखी इंजिनं ढकलतात आणि इगतपुरीला पोचलं की सुटतात. माझ्या गाडीतही तसंच. पेट्रोलचं इंजिन एक आणि विजेची मोटर त्याचा बँकर. फरक एवढाच, की इथं सपाटीला बँकर एकटाच गाडी ओढतो आणि मोठं इंजिन झोपा काढतं. हे ऐकल्यावर मात्र लोक समाधानानं मान डोलवतात. कार्यालयातही असंच चालतं, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर असतो.

तर गाडीत खोट काही नाही. तक्रार आहे ती तिनं माझं काय केलं याबद्दल.

प्रवास संपला की ती मला गुण देते. शंभरपैकी. तीस वर्षं दुसऱ्यांना गुण देण्यात गेलेल्या माणसाला पन्नाशीनंतर रोज दोनदा परीक्षेला बसवलं, तर तो काय करील? अभ्यास करील. मी केला. पुढचा गतिरोधक दिसायच्या आधी पाय उचलायचा, हिरवी रेघ ओलांडायची नाही, उतार कुठं सुरू होतो ते ध्यानात ठेवायचं. एकाहत्तरावरून मी एक्क्याण्णवावर आलो. एकदा सत्त्याण्णव पडले, तेव्हा घरी जिलबी नेली. पेट्रोलपंपावरचा मुलगा महिन्यातून एकदाच दिसणाऱ्या मला विचारतो, "सर, बाहेरगावी होता?" आणि परवा ही म्हणाली, "अहो, तुमचं हल्ली भांडणातसुद्धा इंजिन बंद पडतं. मी एकटीच बोलत राहते."

ते मला लागलं.

त्यात भाचा आला. वय चोवीस, कल्याणला नोकरी. माझ्या शेजारी बसून सापगावपर्यंत आला आणि म्हणाला, "मामा, ही गाडी नाही, पतपेढी आहे. ठेव ठेवायची, व्याज मोजायचं." मग त्यानं मोबाइलवर एक लालभडक सेडान दाखवली. दीड लिटरचं टर्बो इंजिन, दीडशे अश्वशक्ती. मी तिच्याकडे पाहिलं. दुसऱ्याच्या लग्नात आपण जिलबीच्या ताटाकडे पाहतो, तसं. म्हणजे दोनदा.

हिशेब करणं हा माझा स्वभाव. जुन्या उत्तरपत्रिकेच्या पाठीवर मांडला. महिन्याला १,२०० किलोमीटर. माझी लिटरला २४ देते, तर ५० लिटर. लाल गाडी आमच्या रस्त्यावर १२ देईल, तर १०० लिटर. पेट्रोल हिशेबाच्या सोयीसाठी १०० रुपये धरलं तरी महिन्याला ५,००० आणि वर्षाला ६०,००० रुपये जास्त. वर आमचे गतिरोधक. लाल गाडी जमिनीपासून कमी उंच. एखाद्या गावच्या गतिरोधकावर तिचं पोट टेकलं की गावकऱ्यांना शकुन होईल. कागदावर निकाल स्पष्ट होता. पण निकाल स्पष्ट असूनही कागद मी फाडला नाही, घडी करून खिशात ठेवला. तिथंच हिला संशय आला.

भाच्याच्या मित्राकडे तीच गाडी होती. एका रविवारी आम्ही खुटघरला समृद्धी महामार्गावर चढलो. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा नागपूरचा रस्ता आमच्या अंगणातून जायला लागला. भाचा म्हणाला, "मामा, आता दाबा."

दाबलं. पाठ सीटला चिकटली आणि माझ्या तोंडून एक आवाज निघाला. शब्द नव्हता, नुसता आवाज. तो कुठं ऐकला होता, हे मला तेव्हा आठवेना. पाच-सहा सेकंद झाले असतील. मग पाटी आली : १२०. माझी हायब्रीडही १२० ला पोचते, थोडी रमतगमत. ही लौकर पोचली. पोचल्यावर दोघी सारख्याच. आठेक किलोमीटरचा बोगदा पार करून इगतपुरीला वडा खाल्ला आणि परत येताना मुद्दाम जुन्या कसारा घाटानं उतरलो, वळणांची मजा घ्यायला. पुढे कांद्याचा ट्रक होता. त्याच्या पुढे टँकर. आमचे दीडशे घोडे वरातीतल्या घोडीसारखे मान खाली घालून खाली आले. उतारावर माझ्या गाडीनं एव्हाना किती वीज भरून घेतली असती, हा विचार मी दाबून टाकला.

भाच्याला जरा नमवावं म्हणून सांगितलं, की पेट्रोल आणि वीज एकत्र नांदवणारी गाडी १९०० च्या सुमारास बनवली ती फर्डिनांड पोर्शे यांनी. ज्यांच्या नावाच्या गाड्यांची चित्रं तू भिंतीवर लावतोस, तेच. आणि फॉर्म्युला वनच्या शर्यतीतल्या गाड्यांची इंजिनंही २०१४ पासून हायब्रीडच आहेत. म्हणजे काटकसरी आणि चपळ या काही वेगळ्या जाती नव्हेत. भाचा शांतपणे म्हणाला, "मग मामा, फॉर्म्युला वनची घ्या."

पौष जवळ आला होता. आबांना म्हशाच्या यात्रेला न्यायचं होतं. पौष पौर्णिमेला म्हसोबाची यात्रा भरते, पाळणे लागतात, घोंगड्यांची दुकानं लागतात, पण आबांच्या लेखी यात्रा म्हणजे बैलबाजार. गुडघे साथ देत नाहीत, तरी बाजारात शिरले की त्यांची पाठ सरळ होते. बैलाचा जबडा उघडून दात बघायचे. दुधाचे दात असतील तर आदत, दोन पक्के आले की दुसा, चार आले की चौसा, सगळे आले की जुळला. मग व्यापारी हातावर रुमाल टाकतो. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायची, दाबायची, सोडायची. भाव बोटांनी ठरतो. भोवती पन्नास माणसं उभी असतात आणि आकडा दोघांनाच कळतो.

बाजारात एका बाजूला डांगी बांधलेले होते. काळे-पांढरे, ठेंगणे, शांत. ही आपल्या डोंगराची जात. यांची कातडी तेलकट, पाऊस अंगावरून निथळून जातो. चिखलणीत दिवसभर जुंपा, कुरकुर नाही. पलीकडे खिलार होते. पांढरे, उंच, लांब शिंगांचे, वरच्या घाटमाथ्यावरून आलेले. शर्यतीचा बैल तिथलाच. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१ ला अटी घालून परवानगी दिली, तेव्हापासून खिलाराला पुन्हा भाव चढलाय. त्याला दूध, अंडी, खुराक. आणि औताला मात्र जुंपायचं नाही.

आबा खिलारांपुढे उभे राहिले. बराच वेळ. आणि मला एकदम आठवलं.

मी चौथीत होतो. त्या वर्षी आबा म्हशाला डांगी घेऊन गेले आणि वर पैसे घालून खिलार घेऊन आले. आई त्या दिवशी काही बोलली नाही. आषाढात चिखलणी आली. खिलार चिखलात दोन पावलं जाई आणि उभा राही, सासुरवाडीत कपबशीतून चहा न मिळालेल्या जावयासारखा. शेवटी शेजारच्या काकांची जोडी मागून आणून लावणी केली. आईनं त्याबद्दल श्रावण संपेपर्यंत अबोला धरला. मला एवढंच ठाऊक होतं. घरात ती गोष्ट मूर्खपणाचा दाखला म्हणून सांगितली जाई, आणि मीही हिशेब शिकलो तो बहुधा त्या बैलामुळेच.

आज लक्षात आलं, की आणखी एक दिवस होता. कापणी झालेल्या शेतात छकडा जुंपला होता, मी बांधावर उभा होतो आणि पांढरा बैल समोरून गेला होता. आबांच्या तोंडून एक आवाज निघाला होता. शब्द नव्हता, नुसता आवाज.

"आबा," मी विचारलं, "त्या खिलारात किती बुडाले तुमचे?"

आबांनी आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला. मग म्हणाले, "तोटा झाला व्हता. किती, ते आता ध्यानात नाय."

"जिंकला होता का?"

"दुसरा आला. पर पळाला." थोडं थांबून पुन्हा म्हणाले, "पळाला रं."

येताना गाडीत त्यांनी नवी घोंगडी अंगावर ओढून घेतली. हायब्रीड नेहमीप्रमाणे आवाज न करता निघाली. आबांना हे अजूनही आवडत नाही, गाडी सुरू झाली की सुरू झाल्यासारखी वाटली पाहिजे असं त्यांचं मत. सरळगावच्या अलीकडे चहाला थांबलो, तेव्हा मी खिशातला कागद काढला आणि सगळं सांगितलं. २४ आणि १२, ६०,००० रुपये, गतिरोधक, १२० ची पाटी. तीन वर्षांची गाडी आहे, म्हणजे तुमच्या भाषेत दुसा झाली, आता विकली तर भाव बरा येईल. लाल रंगही सांगितला.

आबा कागदाकडे बघत होते. त्यांना अक्षर लागत नाही हल्ली. चहा संपवला. मग घोंगडीची कड उचलून त्यांनी माझा हात आत ओढला, बोटं चाचपली आणि दोन बोटं दाबली. पक्की, बाजारातल्यासारखी. आणि हात सोडून दिला.

दोन वर्षं थांब? दोन लाख वर पडतील? की दोन्ही दावणीला ठेव?

विचारलं नाही. रुमालाखालचा भाव मोठ्यानं विचारायचा नसतो.